खुर्ची अंगाला, पट्टा हाडाला

मास्टरांना माणसांची नावं लक्षात राहत नसत. बैठका राहत. बैठक म्हणजे शिंपी लोक ज्याला सीटचं माप म्हणतात ते, कमरेखाली माणूस सगळ्यात रुंद असतो तिथलं, पण घेर नाही, नुसती रुंदी. फोनवर कोणी नाव सांगायला लागलं की ते मधेच तोडत, "ते राहू द्या, किती इंच?" माप ऐकलं की मात्र एकदम ओळख पटायची. "हां हां, साडेसोळा! गुडघा दुखायचा तुमचा, बरा आहे का आता?" मी साडेचौदा होते. आठ वर्षं त्यांच्याशी माझा संबंध आला आणि आठही वर्षं मी साडेचौदाच राहिले. मधल्या काळात खरं माप साडेपंधरावर गेलं होतं, ते त्यांनी वहीत इमानदारीने लिहिलंही, पण हाक जुन्याच मापाने मारायचे.

अंबरपेठच्या बाजारामागे ऑटोरिक्षांच्या सीटा शिवणाऱ्यांची एक रांग आहे. त्या रांगेच्या टोकाला पत्र्याची शेड, भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली खिळ्यांना टांगलेले पाने आणि पट्टे, आणि बाहेर पाटीवर एकच शब्द: सीट. आजूबाजूचे लोक ऑटोच्या सीटा शिवत. मास्टर रेसच्या ट्रॅकवर पळणाऱ्या गाड्यांत खुर्च्या आणि पट्टे बसवत. आधी वीस वर्षं त्यांनी एका सरकारी कारखान्यात पॅराशूटचे पट्टे शिवले आणि तपासले होते. "तिथं गिऱ्हाईक तक्रार करायला परत येत नसे," असं ते म्हणत आणि स्वतः मुळीच हसत नसत. समोरच्याला हसावं की नाही कळत नसे.

मी दिलसुखनगरच्या एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. लग्न केलं नाही, वडिलांबरोबर काचीगुड्याला राहते. चौतिसाव्या वर्षी मी एक सेकंडहँड, दोन दारांची, जपानी स्पोर्ट्‌स कार घेतली आणि महिन्या-दोन महिन्यांनी चेन्नईच्या बाजूच्या एका ट्रॅकवर जाऊन ती मनसोक्त पळवायला लागले. का, हे मला कोणी विचारू नये. लोक गाण्याच्या क्लासला जातात, त्यांना कोणी विचारत नाही.

मास्टरांकडे पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या हातात ऑनलाइन मागवलेले पट्टे होते. लालभडक, चार पट्ट्यांचा संच, मधे चकचकीत बकल, वर शिवलेलं परदेशी लेबल. खुर्ची अजून गाडीतली जुनीच होती. पट्टे आधी घेतले, कारण फोटोत पट्टे दिसतात. मास्टरांनी लेबल नखाने खरवडलं, पट्टा नाकाशी नेऊन हुंगला, दोन बोटांत दुमडून पाहिला. मग मोठी कात्री उचलली आणि कचकन दोन तुकडे केले.

"अहो!" मी ओरडले. "विकत घेतलेत मी ते!"

"हौ ना," ते म्हणाले. "म्हणून तर कापले. फुकटचे असते तर समजावलं असतं."

मी इतकी भडकले होते की तिथून तडक निघूनच जायची. पण त्यांनी मला एका स्टुलावर बसवलं, कापलेलाच पट्टा माझ्या कमरेभोवती लावला, दुसरा तुकडा खांद्यावरून घेतला आणि म्हणाले, "आता पुढं सरका." मी सरकले. खांद्याच्या पट्ट्याने कमरेचा पट्टा वर ओढला, मी त्याच्याखालून निसटायला लागले आणि पट्टा बरोबर माझ्या पोटात रुतला. "म्हणून पायांच्या मधून येणारे दोन पट्टे लागतात," ते म्हणाले, "कमरेच्या पट्ट्याला खाली धरून ठेवायला. चार नक्को. सहा."

"म्हणजे जडत्वामुळे शरीराचा खालचा भाग..." मी सुरू केलं. सवय असते.

"जडत्व वर्गात ठेवा, मॅडम. इथं आतडी असतात."

त्यांचं एक वाक्य सगळ्यांना पाठ होतं: खुर्ची अंगाला, पट्टा हाडाला. खुर्ची अंगाला इतकी घट्ट बसली पाहिजे की वळणावर माणसाने स्टिअरिंगला लोंबकळू नये; आणि पट्टा कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे, पोटावर नाही. ते हे वाक्य दिवसातून दहादा म्हणत, भाजी घेतानासुद्धा. भाजीवालीचा त्याच्याशी काय संबंध, असं मी एकदा विचारलं. "तिच्या नवऱ्याचा ऑटो आहे," ते म्हणाले, आणि विषय संपला.

माप घ्यायची त्यांची पद्धत अशी. भिंतीला टेकून एक बाक. माणसाने खिशातलं पाकीट, फोन, किल्ल्या सगळं काढून त्यावर बसायचं. दोन्ही बाजूंनी दोन फळ्या सरकवत आणायच्या, चपलांच्या दुकानात पाय मोजतात तशा. मग खांद्यांची उंची, मग मांडीची लांबी. हे झालं की खरी परीक्षा. साच्याची, अंगाला दोन्ही बाजूंनी धरणारी एक खुर्ची जमिनीवर बोल्टने घट्ट बसवलेली होती. तिच्यात चाळीस मिनिटं बसायचं. फोन नाही, गप्पा नाहीत. "दुखेल तिथं बोट ठेवा, बोलू नका." पाच मिनिटांत आरामशीर वाटणारी खुर्ची विसाव्या मिनिटाला बरगडीत टोचायला लागते, हे मला तिथेच समजलं. आपल्याला आवडलेली खुर्ची बहुतेक वेळा आपल्याला एक नंबर मोठी असते, हेही.

एकदा हायटेक सिटीकडचा एक जण बायकोला घेऊन आला होता. त्याला दोन खुर्च्या हव्या होत्या, दोन्ही सारख्या, दोन्ही त्याच्या मापाच्या, पाठीवर दोघांची अक्षरं शिवलेल्या. बायको अगदीच बारकी. मास्टरांनी तिला त्या खुर्चीत बसवलं आणि खुर्चीच्या कडेच्या आणि तिच्या मधे आपला अख्खा पंजा घालून दाखवला. तो म्हणाला, "मास्टर, उशी टाकू ना साइडला." मास्टर म्हणाले, "नवऱ्याची चप्पल बायकोनं कापूस कोंबून घालावी तसं? घरी घाला, जिना उतरायला." तो रागावून गेला. बायको मात्र दारातून वळून बघत हसत होती, आणि महिन्याभरात दोघं परत आले.

या चाळीस मिनिटांत काकू, म्हणजे मास्टरांची बायको, माणसाला खायला घालत. शेडच्या मागेच त्यांचं घर. मी त्या खुर्चीत अडकून बसले होते तेव्हा त्यांनी माझ्या हातात ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी ठेवली. "खा गं. कोंडल्यासारखं बसवून ठेवतंय हे माणूस." रेसच्या खुर्चीत बसून भाकरी खाणं सोपं नसतं, कोपर हलत नाहीत. काकूंना ते आठवड्यातून चारदा दिसत असेल, तरी त्या दर वेळी पदर तोंडाला लावून हसत.

मास्टर जे पट्टे कापत ते काकूंकडे जात. पट्ट्यांना मुदत असते, लेबलवर वर्ष छापलेलं असतं. वर्ष उलटलं की मास्टर कापणार. एखाद्या गाडीने धडक घेतली आणि पट्ट्यावर जोर आला, की नवा कोरा असला तरी कापणार. "एकदा राबला, संपला." काकू त्या तुकड्यांना टाके घालून नवार करत आणि खाटा विणत. लाल, निळ्या, काळ्या. त्या गल्लीतली अर्धी म्हातारी माणसं रेसच्या पट्ट्यांवर दुपारची झोपत असत. त्यांना त्याचं काही नव्हतं. खाट टिकते, एवढं त्यांना पुरेसं होतं.

मास्टरांचे नियम दोन. पहिला: अर्धं काम नाही. साच्याची खुर्ची, सहा पट्टे, डोक्यामागे छताला आधार देणारी लोखंडी कमान, आणि मान पुढे हिसडू नये म्हणून खांद्यांवर घालायचं एक साधन, ज्याला ते मानेचं जू म्हणत. चारही घ्या, नाहीतर गाडीचा मूळ पट्टा लावून गप घरी जा. कारण ते नीट सांगत. मूळ पट्ट्यात माणूस वाकू शकतो. सहा पट्ट्यांत तो ताठ जखडला जातो. गाडी उलटली, छत दबलं आणि वर कमान नसली, तर वाकायला जागा नाही. अर्धी सुरक्षा काहीच नसण्यापेक्षा वाईट, असं ते म्हणत. रस्त्यावर मात्र मूळ पट्टाच लावायचा, तो काढून टाकायचा नाही. "अंबरपेठहून काचीगुड्याला मान न वळवता जाऊन दाखवा. ऑटोवाले सोडतील का?"

दुसरा नियम: घरचं माणूस आणा.

हा नियम मला आधी कोणी सांगितला नव्हता. खुर्ची ठरली, कमान बसली, पट्टे आले, सगळं गाडीत लागलं, आणि मी किल्ली मागितली तर मास्टर वही उघडून बसले. माझ्या पानावर बैठक, खांदा, मांडी, सगळं लिहिलेलं. खाली एक ओळ रिकामी: घरचं माणूस.

"ज्या दिवशी आणाल त्या दिवशी गाडी," ते म्हणाले. "तुम्ही खुर्चीत बसायचं, पट्टे आवळून. त्यांनी बाहेरून डोळे मिटून दार उघडायचं, बकल शोधायचं, फिरवायचं, खांद्याचे पट्टे बाजूला करायचे. दहा सेकंद."

"पण माझ्याबरोबर ट्रॅकवर घरचं कोणी येतच नाही. तिथे ट्रॅकवाल्यांची माणसं असतात."

"असू दे."

"मग उपयोग काय?"

"तुम्हाला नाही सांगायचा उपयोग. आणा."

पंचाईत अशी होती की माझ्या घरी कोणाला काही माहीतच नव्हतं. घरी म्हणजे आबांना. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. आबा रेल्वेत गार्ड होते, निवृत्त झालेले. मी चेन्नईला पेपर सेट करायला जाते, असं मी त्यांना सांगितलं होतं. रंगीत गाडी का घेतलीस, यावर "सेकंडहँडमध्ये हीच मिळाली" असं. पस्तिशीची बाई वडिलांशी खोटं बोलते हे लिहितानाही मला लाज वाटते, पण बोलत होते. ते नाही म्हणतील अशी भीती नव्हती. ते नाही म्हणणार नाहीत आणि रात्रंदिवस काळजी करतील, याची भीती होती.

मग मी एक शहाणपणा केला. आमच्या क्लासमधला केमिस्ट्रीचा सर, दिलखुलास तेलुगू माणूस, त्याला मावसभाऊ म्हणून घेऊन गेले. त्याने हे काम फारच मनावर घेतलं होतं. मला "अक्का, अक्का" म्हणत होता, बकल तर त्याने सात सेकंदांत सोडवलं. मी विजयी मुद्रेने मास्टरांकडे बघितलं.

मास्टरांनी त्याला हिंदीत विचारलं, "इनके बाएँ कंधे को क्या हुआ है?"

सर माझ्याकडे बघायला लागला. मी भुवयांनी खाणाखुणा केल्या, पण खांद्याचं हाड भुवयांनी कसं सांगणार? "कुछ नहीं हुआ," तो म्हणाला. "एकदम ठीक है, मास्टर, फर्स्ट क्लास."

"यांना चहा द्या," मास्टरांनी काकूंना सांगितलं आणि वही मिटली. माझं डावं गळ्याजवळचं हाड लहानपणी मोडून वाकडं जुळलं होतं. माप घेताना त्यांच्या बोटाला ते लागलं होतं. मला त्यांनी तेव्हा काही विचारलं नव्हतं.

मी चिडून काकूंकडे मागच्या घरात गेले. म्हटलं, हा काय हट्ट आहे? गाडी माझी, पैसे माझे, मान माझी. काकू नवार विणत होत्या. हात न थांबवता त्यांनी सांगितलं. सुरुवातीच्या दिवसांत एक बावीस वर्षांचा पोरगा आला होता. त्याला नुसते पट्टे हवे होते. खुर्ची नको, कमान नको, नंतर घेतो म्हणाला. मास्टर नाही नाही म्हणत होते. पोरगा गोड बोलत होता, रोज येत होता. शेवटी यांनी बसवून दिले. गाडी उलटली. पोरगा वाचला, पण मानेखाली काही हलत नाही.

"मग त्याची माय आली इथं," काकू म्हणाल्या. "भांडायला नाही आली गं. इथं बाकावर बसली आणि यांना म्हणली, माझं लेकरू कुठं जायलंय, कसल्या खुर्चीत बसायलंय, हे तुम्हाला ठाऊक होतं. मला नव्हतं. बस, एवढंच बोलली. त्यावर काय सांगणार हे माणूस?"

 मग विणीची एक ओळ ओढून घेत काकू म्हणाल्या, "अजून जातेत त्यांच्याकडं. महिन्यातून एकदा. त्याच्या चाकाच्या खुर्चीचे पट्टे हेच बदलतेत."

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी आबांना सांगितलं. आबा जेवत होते. मी सगळं एका दमात बोलून टाकलं. त्यांनी घास गिळला, पाणी प्यायलं.

"म्हणजे पेपर सेट करत नाहीस."

"नाही."

"गाडी चालवतेस. गोल गोल."

"हो."

"आणि शेवटी पोचतेस कुठे?"

"जिथून निघते तिथेच."

"मग एवढी घाई कशाची असते?" आबांनी विचारलं. त्यांनी आयुष्यभर गाड्या वेळेवर पोचवल्या होत्या, त्यांना ते खरंच कळत नव्हतं. मला हसू यायला लागलं आणि रडूही. मग त्यांनी विचारलं, "किती वर्षं?" मी म्हटलं, "दोन." ते उठून हात धुवायला गेले आणि बराच वेळ बेसिनशी उभे राहिले. त्याबद्दल पुढे ते कधीही बोलले नाहीत. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

रविवारी आम्ही अंबरपेठला गेलो. आबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, मुलगी दाखवायला निघाल्यासारखा. मास्टरांनी खुर्ची दिली, चहा दिला. आबा चहा न पिता गाडीकडे गेले, खाली वाकले आणि प्रत्येक पट्ट्याला हिसका देऊन बघितला. मग बोल्टवर ओढलेली पांढरी रेघ बघून म्हणाले, "ही खूण केलीय ती नट सैल झाला की कळावं म्हणून?"

"हौ, गार्डसाहेब. रेघ तुटली की नट फिरला."

"आमच्याकडेही असंच करायचे," आबा म्हणाले. तिथून पुढे अर्धा तास त्या दोघांनी माझ्याकडे बघितलंही नाही. कोणता बोल्ट, मागे केवढी पत्र्याची थाळी, पट्टा खांद्यापासून मागे किती उतारावर गेला पाहिजे. मी तिथे उगीच उभी. शेवटी मला खुर्चीत बसवलं, पट्टे आवळले, आणि आबा एकदम म्हणाले, "डावीकडचा जरा सैल ठेवा. सातवीत गच्चीवरून पडली होती, ते हाड तिला अजून दुखतं. सांगत नाही ती."

मास्टरांनी आबांकडे बघितलं. "सैल नाही ठेवता येत, गार्डसाहेब. सैल पट्टा म्हणजे पट्टाच नाही. पण त्याची जागा इंचभर आत घेऊ. हाडावर न येता जुवावर येईल." आणि त्यांनी वहीत रिकाम्या ओळीवर लिहिलं: वडील. परीक्षेच्या आधीच लिहिलं.

परीक्षेत आबा नापास झाले. चौदा सेकंद. पुढच्या रविवारी बारा. बिचारे घरी सरावाला खुर्चीवर उशी ठेवून तिच्याभोवती माझ्या जुन्या बॅगांचे पट्टे बांधत आणि डोळे मिटून सोडवत. "आबा, पुरे," मी म्हणायचे. "गप बस, मोजत राहा," ते म्हणायचे. तिसऱ्या रविवारी नऊ सेकंद झाले आणि मास्टरांनी किल्ली माझ्या नाही, आबांच्या हातात दिली.

तीन वर्षांनी ट्रॅकवर एका वळणावर माझी गाडी फिरली आणि टायरांच्या भिंतीवर आदळली. चूक माझी होती, ब्रेक उशिरा दाबला. मला काही झालं नाही. कमरेच्या दोन्ही हाडांवर दोन जांभळे डाग उमटले, बरोबर हाडांवर, पोटावर काही नाही. सगळ्यात आधी मी आबांना फोन केला. ते म्हणाले, "बकल कोणी सोडवलं?" "मीच." "किती सेकंद?" मी म्हटलं, "मोजले नाहीत, आबा." ते म्हणाले, "मोजायचे."  मास्टरांनी ते पट्टे कापले, नवे बसवले, आबांची परत परीक्षा घेतली. सहा सेकंद. आबा गल्लीभर सांगत फिरले.

त्यानंतर साडेतीन-चार वर्षांनी आबा गेले. झोपेत गेले, फार त्रास झाला नाही. मी क्लास चालू ठेवला, ट्रॅकवर जाणंही चालू ठेवलं. लोकांना ते विचित्र वाटलं. मला घरी बसणं विचित्र वाटत होतं.

मग नव्या पट्ट्यांची मुदत संपली. मी अंबरपेठला गेले. मास्टर आता थकले होते, चष्म्याची काच जाड झाली होती, कात्री धरताना हात हलायचा. "या, साडेचौदा," ते म्हणाले. जुने पट्टे कापले. नवे दोन दिवसांत बसवले. वेळ लागला, पण प्रत्येक नटावर रेघ होती. मग वही उघडली, माझं पान काढलं, आणि त्यांचं बोट त्या ओळीवर थांबलं.

"गार्डसाहेब नाही आले?"

"गेले, मास्टर. गेल्या वर्षी."

 काकूंनी दारातून "अगं बाई" म्हटलं आणि तिथेच बसल्या. मास्टरांनी "वडील" या शब्दावर आडवी रेघ मारली, अगदी हळू, आणि पेन तसंच धरून राहिले.

"दुसरं कोण?"

"दुसरं कोणी नाही."

"भाऊ, बहीण?"

"तुम्हाला माहीत आहे ना, मास्टर. कोणी नाही. जे होतं ते आबा होते." माझा आवाज चढला. "आता काय करू? भाड्याने आणू? तो केमिस्ट्रीचा सर बोलावू? नियम तुमचा आहे, बदला ना एकदा! नाहीतर सांगा की घरी कोणी नसलेल्या माणसाने गाडी चालवायचीच नाही."

मी त्या माणसाशी इतक्या मोठ्याने कधी बोलले नव्हते. शेजारची शिलाई मशीन थांबली. मास्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बसा गाडीत," ते म्हणाले. "पट्टे आवळा."

मी बसले. ते गाडीबाहेर उभे राहिले, हातातलं घड्याळ काकूंकडे दिलं आणि डोळे मिटले. दाराची कडी त्यांना पटकन सापडली. पण बकलवर आल्यावर बोटं थरथरायला लागली, दोनदा घसरली. बकल सुटलं, खांद्याचे पट्टे बाजूला झाले.

"तेरा," काकू म्हणाल्या.

"नापास," मास्टर म्हणाले. "पुढच्या रविवारी या. गाडी इथंच राहील."

त्या आठवड्यात एकदा काकूंचा फोन आला. "काय येड लावलंस गं या माणसाला? बकल घेऊन बसायलेत दिवसभर. खटाक, खटाक. जेवताना खटाक. माझ्या खाटेला पट्टे बांधून ठेवलेत, झोपू देईनात मला."  मला आबांची उशी आठवत होती.

रविवारी आठ सेकंद झाले. मास्टरांनी घड्याळ स्वतः तपासलं, काकूंवर विश्वास नसल्यासारखं. मग बाकावर बसले, वही मांडीवर घेतली आणि खोडलेल्या शब्दाच्या पुढे सावकाश लिहायला लागले. हात हलत होता, म्हणून एकेक अक्षर सुटं सुटं. लिहून झाल्यावर माझं काम संपल्यासारखं वही मिटून त्यांनी माझ्याच हातात दिली. म्हणाले, ही शेवटची गाडी, आता हात चुकायला लागलेत, वही तुमच्याकडं ठेवा.

ते पाटी उतरवायला उठले तेव्हा मी पान उघडलं. मला वाटलं होतं, "मास्टर" लिहिलं असेल. तिथे त्यांचं पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. आठ वर्षांत ते मी कधी विचारलं नव्हतं. आणि त्याच्यापुढे, इतकी वर्षं नावाच्या जागी साडेचौदा लिहिलेल्या त्या पानावर, पहिल्यांदाच माझं.